सरांचा डावा हात

मागच्या महिन्यात सरांच्या मुलीचा मेसेज आला. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, बिल्डर म्हणतो तीन आठवड्यांत जागा खाली करा, बाबांचे कागद आहेत, रद्दीवाल्याला द्यायचं मन होत नाही, येऊन घेऊन जाशील का. खाली फोटो. साडीचे दोन बॉक्स, सुतळीने बांधलेले. मी बँकेत होतो, मार्चचं क्लोजिंग डोक्यावर, तरी पटकन 'येतो ताई' टाइप केलं आणि मग दिवसभर कशात लक्ष लागेना.

सरांना जाऊन आता तीन वर्षं होतील. ते कोण होते हे एका शब्दात सांगायची वेळ आली की माझी पंचाईत होते. गायक, तबलजी, संगीतकार असा एक शब्द लागतो ना माणसाला, निदान व्हॉट्सॲपवरच्या श्रद्धांजलीत तरी. सरांच्या वाट्याला तो आलाच नाही. ते व्हायोलिन वाजवायचे, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, मागच्या रांगेत बसून. दुसऱ्यांच्या चालींना अरेंजमेंट करून द्यायचे, म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधीचं आणि दोन कडव्यांच्या मधलं जे काही आपण गुणगुणतो आणि संगीतकाराच्या नावावर जमा करून टाकतो ते. ताफा मोठा असेल तेव्हा पुढे उभं राहून कंडक्ट करायचे. आणि हे सगळं उरकलं की स्वतःचं काहीतरी लिहीत बसायचे, जे त्यांच्याकडे कुणीही मागितलेलं नव्हतं. घर चालायचं ते बरंचसं आमच्यासारख्या पोरांच्या शिकवण्यांवर.

एकदा आईने शेजारच्या काकूंना कौतुकाने सांगितलं, ह्याचे सर कंडक्टर आहेत. काकूंनी तितक्याच आपुलकीने विचारलं, "कुठल्या डेपोला?" मला हे इतकं भारी वाटलं की दुसऱ्या दिवशी क्लासला गेल्या गेल्या सरांना सांगितलं. ते हसले नाहीत. गजाला राळ लावता लावता म्हणाले, "बरोबरच विचारलं त्यांनी. सगळी चढली का, कोण मधेच उतरलं का, तेवढंच तर बघायचं असतं."

मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा. १९८५ साल. आम्ही दादरला गोखले रोडला राहायचो आणि सर सिटीलाइटच्या मागे, तळमजल्यावर, वन रूम किचन. मी वर्गात सगळ्यात बुटका म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी माझं नाव बारक्या ठेवलं ते शेवटपर्यंत, म्हणजे मी ब्रँच मॅनेजर झालो तरी फोनवर "बोल बारक्या" असंच. त्या घराला राळेचा आणि मासळीचा मिळून एक वास होता. दाराशी चपला, आत भिंतीला टेकवलेली चार-पाच व्हायोलिनं, आणि काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, त्याचा वरचा सा चढा लागतोय." काकू काही शिकलेल्या नव्हत्या, नुसतं ऐकून ऐकून कान तयार झालेला.

सर आम्हाला दोन्ही पद्धती शिकवायचे. सोमवार-बुधवार मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवून, तारा सा-प-सा-प लावून, मींड घासून घासून. शुक्रवारी उभं राहून, हनुवटीखाली धरून, पाश्चात्त्य पद्धतीने तारा लावून, समोर पाच रेघांचं नोटेशन. शनिवारी डोक्याचा भुगा. आमच्यातल्या एका मुलाच्या वडिलांनी येऊन विचारलंच, नक्की काय शिकवताय, एक धड ठरवा. सर म्हणाले, "मराठी बोलतो ना घरी? आणि शाळेत इंग्रजीचा तास असतो ना?" वडील गप्प. पण मुलगा पुढच्या महिन्यात यायचा बंद झाला, ते असो.

नोटेशन सरांना एका गोव्याच्या मास्तरांनी शिकवलेलं, माहीमच्या. हे एक मला पुढे वाचताना नीट कळलं. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना सोल्फा, म्हणजे त्यांचं सारेगम, आणि व्हायोलिन शिकवायचे, ती मुलं मोठी होऊन मुंबईला आली, आणि कागदावर बघून वाजवता येणारी माणसं सिनेमावाल्यांना आयती मिळाली. आपल्याकडे संगीतकार पेटीवर चाल ऐकवणार, ती साठ जणांनी एकदम वाजवायची तर कुणीतरी कागदावर उतरवायलाच हवी. अँथनी गोन्साल्विस हे त्यातलं मोठं नाव. बच्चनच्या गाण्यामुळे आपल्याला हे नाव म्हणजे अंड्यातून बाहेर येणारा टोपीवाला माणूस वाटतो, पण ते गाणं प्यारेलालनी आपल्या गुरूचं नाव घालून केलं, ते हे खरे अँथनी गोन्साल्विस. गोव्यातल्या माजोर्ड्याचे, १९२७ चा जन्म. सिनेमात व्हायोलिन वाजवायचे, अरेंजमेंट करायचे, शिकवायचे. आणि १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचा इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केले, आपल्या रागांवर लिहिलेलं संगीत शंभर माणसांच्या ताफ्याकडून वाजवून घ्यायचं असं स्वप्न. पुढे साठच्या दशकात अमेरिकेला गेले, परत आले ते गोव्यातच जाऊन राहिले, २०१२ मध्ये वारले. सर त्यांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचे. आपण मात्र लग्नाच्या वरातीत त्यांच्या नावावर नाचतो आणि त्यांनी लिहिलेलं एक पानही आपल्यातल्या कुणी ऐकलेलं नसतं.

बरं, कंडक्टर करतो काय, हा प्रश्न मलाही पडायचाच. मराठी माणसाला ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला मांडव, निवेदक आणि 'आता येत आहेत आपल्या सर्वांच्या लाडक्या' एवढंच आठवतं. सरांनी ते आपल्या भाषेत सांगितलेलं अजून लक्षात आहे. म्हणाले, तबला असला की सम कुठे ते कानाला कळतं. डोळे मिटून गा, काही बिघडत नाही. पण पन्नास-साठ वाजवणारे, तबला नाही, एकाला दुसऱ्याचं नीट ऐकू येत नाही, तेव्हा सम डोळ्याला दाखवावी लागते. आपले गवई मांडीवर टाळी-खाली धरतात, तेच हवेत करायचं. खाली आला हात की एक, मग डावीकडे, उजवीकडे, वर. आणि वर जाताना श्वास घेतल्यासारखा जायला पाहिजे, कारण ताफा त्या श्वासावर सुरू होतो, खाली येईपर्यंत थांबलात तर उशीर झाला. मग त्यांनी दोन्ही हात वर केले. "उजवा हात सगळ्यांचा. डावा एकेकाचा. तू ये, तू थांब, तू जरा हळू. उजवा शिकवता येतो, डावा नाही."

त्यांच्याकडे बॅटन, म्हणजे कंडक्टरच्या हातातली छडी, नव्हतं. काकूंची अ‍ॅल्युमिनियमची विणायची सुई होती, जोडीतली एक हरवलेली. आम्ही पोरं तिला काडी म्हणायचो, आणि सर रेकॉर्डिंगला गेले की "सर काडी घालायला गेलेत" असं म्हणून खिदळायचो. या काडीच्या आधी म्हणे जाड काठी असायची, जमिनीवर आपटून ताल द्यायची. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या दरबारात लुली म्हणून होता, तोही सरांसारखाच सगळं करणारा, व्हायोलिन वाजवायचा, नाचायचा, ऑपेरा लिहायचा, ताफा चालवायचा. १६८७ मध्ये राजा आजारातून उठला म्हणून केलेल्या कार्यक्रमात ती काठी त्याने स्वतःच्याच पायाच्या बोटावर मारून घेतली, जखम चिघळली, पाय कापू देईना, आणि त्यात गेला. सरांना ही गोष्ट मी कॉलेजात असताना सांगितली तर म्हणाले, "म्हणून मी विणायची सुई वापरतो."

मला त्यांनी एकदाच रेकॉर्डिंगला नेलं, ताडदेवला फिल्म सेंटरमध्ये, मे महिन्याच्या सुट्टीत. एसीत कुडकुडत कोपऱ्यात बसलो होतो. तेव्हा सगळं एकदम व्हायचं, गाणारा वेगळ्या काचेच्या खोलीत आणि बाकी सगळा ताफा हॉलमध्ये, एक जण चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. सर मधे उभे, समोर कागद, हातात काडी. मी अपेक्षा केली होती की हात उडवतील, केस उडवतील, टीव्हीवर दाखवतात तसं. काही नाही. इतकं कमी हलायचे की मागून बघितलं तर माणूस बसची वाट बघत उभा आहे असं वाटावं. फक्त डावा हात मधेच कमरेपाशी दोन बोटं वर करायचा आणि कुठेतरी चार बासऱ्या सुरू व्हायच्या. बाराव्या टेकला 'ओके' झालं. बाहेर आल्यावर उसाचा रस प्यायलो आणि मी विचारलं, सर, हे तुमचं गाणं का? म्हणाले, "नाही रे. माझं फक्त मधलं."

वाजवणं, कंडक्ट करणं, लिहिणं, हे तिन्ही करणारे लोक जगात किती आणि त्यांचं काय झालं, हे मी पुढे वेड्यासारखं वाचत गेलो. म्हणजे संगीत सोडलं मी बारावीला, बँकेच्या परीक्षा दिल्या, पण हे वाचन सुटलं नाही. त्यात मला एक गोष्ट सगळीकडे सारखीच दिसते. वाजवायला बोलावणं येतं. कंडक्ट करायलाही बोलावणं येतं, अमुक तारीख, अमुक वाजता. लिहायला कुणी बोलावत नाही. त्यामुळे मरण नेहमी लिहिण्याचं.

माहलर या संगीतकाराचं बघा. १८९७ ते १९०७ व्हिएन्नाच्या ऑपेराचा प्रमुख, हंगामभर दुसऱ्यांचं संगीत वाजवून घ्यायचं, गायिकांची भांडणं सोडवायची, वर्तमानपत्रांच्या शिव्या खायच्या, आणि स्वतःचं लिहायचं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. मायर्निग नावाच्या गावी तळ्याकाठच्या घरामागे रानात त्याने एक खोपटं बांधून घेतलं होतं. पाचवी ते आठवी अशा चार सिंफनी तिथल्या. सकाळी नाश्ता घेऊन जाणाऱ्या बाईने वेगळ्या चढाच्या वाटेने जायचं, कारण कामाला बसायच्या आधी साहेबांना माणसाचं तोंड दिसायला नको. मला हे वाचून हसू यायचं, कारण सरांचं खोपटं म्हणजे स्वयंपाकघरातला कडाप्प्याचा ओटा. पहाटे चारला उठायचे, गॅसची शेगडी एका बाजूला सरकवून ओट्यावर कागद पसरायचे आणि उभ्याने लिहायचे, कारण खोलीत मुलगी झोपलेली. साडेपाचला पाणी यायचं. पाणी आलं की काकू पिंप लावायला येणार आणि त्या दिवशीची सिंफनी संपली. दीड तास. त्यातही डोळा लागला तर तेवढंही नाही.

आपल्याकडे म्हणाल तर रविशंकर. सतारिये म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण १९४९ ते १९५६ ते दिल्लीला ऑल इंडिया रेडिओवर नोकरीला होते, तिथला वाद्यवृंद त्यांनी उभा केला, त्याच्यासाठी लिहिलं, त्याच्यासमोर उभे राहिले. मग नोकरी सोडून सतार घेऊन बाहेर पडले. त्या खुर्चीवर नंतर आपल्या मुंबईतून पन्नालाल घोष गेले, बासरीवाले, आणि १९६० मध्ये अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिथेच वारले. रविशंकरांनी लिहिणं मात्र सोडलं नाही. सतार आणि ऑर्केस्ट्राचा पहिला कन्चेर्टो १९७१ मध्ये लंडनला झाला आणि दुसरा १९८१ मध्ये न्यूयॉर्कला, समोर काडी घेऊन झुबीन मेहता.

झुबीन मेहतांचा रस्ता याच्या अगदी उलटा. एकच धरलं. वडील मेहली मेहता व्हायोलिनवाले, १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला, घरात सतत तालमी, मुलाने डॉक्टर व्हावं म्हणून कॉलेजात घातलं तर तो १९५४ मध्ये अठराव्या वर्षी व्हिएन्नाला निघून गेला. तिथे मोठमोठ्या कंडक्टरांच्या तालमी विद्यार्थ्यांना बघू द्यायचे नाहीत, तर हा आणि क्लाउदिओ अब्बादो म्हणून त्याचा दोस्त, दोघं चक्क कोरसमध्ये गायला भरती झाले. मला ही युक्ती प्रचंड आवडते. प्रेक्षकाला कंडक्टरची पाठ दिसते, कोरसला तोंड दिसतं. आणि डावा हात.

२०२३ मध्ये झुबीन मेहता एनसीपीएला, म्हणजे नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्रात, आले तेव्हा तिकीट मिळवायची मी खूप खटपट केली, नाही मिळालं. एरवी तिथल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या कार्यक्रमाला वर्षातून एकदा तरी जातो, २००६ ला सुरू झाल्यापासून. चर्चगेटवरून चालत, समुद्राकडेने. एकदा सरांनाही घेऊन गेलो होतो, तेव्हा त्यांचे गुडघे गेलेले, टॅक्सी केली. जमशेद भाभा थिएटरमध्ये सगळ्यात वरच्या बाल्कनीत बसलो. कार्यक्रमभर ते स्टेजकडे फारसं बघतच नव्हते, आजूबाजूला बघत होते. मध्यंतरात म्हणाले, "व्हायोला किती आहेत मोजलेस? दहा. दहा व्हायोला, बारक्या." आणि गप्प बसले. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, जरा मोठी, जरा खालच्या आवाजाची. मला वाटलं म्हातारपण. दहा व्हायोलांचं त्यांना काय झालं होतं ते तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आणि मग कॉफमन. वॉल्टर कॉफमन. हे नाव नसेल ऐकलं, पण तुम्ही चाळिशीच्या पुढचे असाल तर तुमच्या आयुष्यातली हजारो सकाळींची सुरुवात या माणसाने केलीय. आकाशवाणी सुरू व्हायच्या आधी वाजायची ती धून, मागे तंबोरा आणि वर व्हायोलिन. आमच्याकडे आई दूध तापवत असायची, बाबा दाढी, आणि ती धून. तिचं श्रेय या कॉफमनला देतात, शिवरंजनीवर बेतलेली आहे. १९०७ चा जन्म, कार्ल्सबादचा, आता जे चेक प्रजासत्ताकात येतं. ज्यू. हिटलर आल्यावर १९३४ मध्ये बोटीने मुंबईला आला आणि बारा वर्षं राहिला. इथे त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली, त्यात स्वतः वाजवायचा, मेहली मेहताही त्यात होते, १९३७ पासून रेडिओवर युरोपियन संगीताचं खातं सांभाळलं, सिनेमालाही संगीत दिलं. मग कॅनडात विनिपेगच्या ऑर्केस्ट्राचा पहिला कंडक्टर, मग अमेरिकेत प्रोफेसर, आपल्या रागांवर जाडजूड ग्रंथ. ऑपेरा लिहिले, सिंफनी लिहिल्या. आणि आपल्याकडे उरलं काय, तर दूध उतू जायच्या आत संपणारी धून. खाली नावसुद्धा नाही. सरांना मी कॉफमनची सगळी हकिगत सांगितली होती, वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "रोज वाजते ना? मग झालं की."

सरांचं स्वतःचं एकदाच वाजलं. फेब्रुवारी १९८८, दादरच्या एका शाळेचा हॉल, संध्याकाळी सात.

वीस तंतुवाद्यांसाठी लिहिलेलं होतं, अकरा-बारा मिनिटांचं, राग मारवा. आता मारवा म्हणजे काय आहे ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी एवढंच की या रागात सा असून नसल्यासारखा असतो. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवतावर सगळा खेळ, पंचम तर नाहीच, आणि सा ला गाणारा टाळत टाळत फिरतो, संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला घरी कुणीतरी यायचंय आणि येत नाहीये अशी अवस्था. आपल्या बैठकीत तंबोरा सतत सा देत असतो म्हणून ते सोसवतं. सरांनी तंबोराच काढून टाकला. राग कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यात, बसवायचा म्हटला की त्याचा राग राहत नाही, हे त्यांचं नेहमीचं म्हणणं, म्हणून त्यांनी कॉर्ड टाकलेच नाहीत, खालची वाद्यं नुसती धैवत धरून बसलेली, आणि वरचे एकमेकांच्या मागून दोन दोन मात्रांनी तीच ओळ घेऊन येतात, गिरक्या घेतात, कुणीही सा लावत नाही. एकशे अकरा बार, म्हणजे चार चार मात्रांचे तुकडे. एकशे बाराव्या बारला सा येतो, पहिल्यांदा. आणि तो कुणी द्यायचा, तर तिसऱ्या व्हायोलिनांनी, म्हणजे आम्ही तीन पोरांनी. चेलोंनी, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या वाद्यांनी, मागून उचलायचा.

तीन महिने तालमी, रविवारी सकाळी, फुकट. मोठे वादक सरांच्या शब्दाखातर यायचे, काकूंचे पोहे खायचे, वाजवायचे. त्या दिवशी दुपारी एकेक निरोप यायला लागले. कुठल्या तरी मोठ्या रेकॉर्डिंगची डबल शिफ्ट लागली होती. सहा जण गळाले. सरांनी कुणाला एक शब्द लावला नाही, पोटापुढे मारवा काय करणार. पण गळालेल्या सहात दोन्ही व्हायोलावाले होते, आणि मधला सगळा धैवत त्यांच्याकडे. धैवत नाही तर काहीच नाही.

हॉलमध्ये उकडत होतं म्हणून पंखे लावले तर स्टँडवरचे कागद उडायला लागले. काकूंनी पिशवीतून कपडे वाळत घालायचे चिमटे काढले, त्यांना असं होणार हे माहीत होतं, प्रत्येकाला दोन दोन. प्रेक्षक चाळीसेक असतील, त्यात निम्मे आमचे आईबाप. पडदा सरकला आणि सर पुढे आले ते खांद्याला व्हायोला लावून. विणायची सुई खिशात. वाजवणार तेच आणि दाखवणारही तेच. गजाच्या टोकाने सम द्यायचे, बाकी मान आणि भुवया.

आणि जमलं. खरंच जमत होतं. मला आठवतंय, साठ-सत्तराव्या बारपर्यंत मागचे पालक कुजबुजायचे थांबले होते, पंख्यांचा आवाज तेवढा. आमचं वाजवून झालं होतं आणि आता एकतीस बार नुसतं मोजत बसायचं होतं. एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार. मी पायाच्या अंगठ्याने मोजत होतो. घामाने गज निसटत होता. बाजूच्या दोघांनी व्हायोलिन उचललं की नाही ते मी बघितलंच नाही, मला वाटलं आलं, आणि मी सा लावला.

एक बार आधी. एकट्याने. पूर्ण गज ओढून.

चौदा माणसं अकरा मिनिटं ज्याची वाट बघत होती तो सा मी एक स्टॉप आधीच उतरवला. सरांनी माझ्याकडे बघितलं, वाजवतच होते, भुवया वर गेल्या तेवढ्याच. पुढच्या बारला सगळे आले, चेलोही आले, पण आता काय, पाहुणा आधीच घरात येऊन बसलेला. मग संपलं. टाळ्या वाजल्या, लोकांना काहीही कळलं नव्हतं, एका काकांनी तर येऊन विचारलं, छान होतं पण गाणं कुठलं होतं ते ओळखू आलं नाही. सरांनी मला बटाटेवडा आणून दिला. त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि पुढे कधीच नाही. मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडलो, आणि खरं सांगायचं तर बारावीला व्हायोलिन सुटलं ते अभ्यासामुळे असं मी सगळ्यांना सांगतो.

परत ते कधी वाजलं नाही. सुरुवातीला सर म्हणायचे, पावसाळा झाला की करू. मग नव्वदच्या पुढे कीबोर्ड आले, एकच माणूस डब्यातून वीस व्हायोलिनं काढायला लागला, रेकॉर्डिंगची बोलावणी कमी कमी होत गेली. सरांना वेळच वेळ झाला. पण मग वाजवणारेच राहिले नाहीत, कुणी गोव्याला गेलं, कुणी गल्फमध्ये हॉटेलात, कुणी मुलाचं दुकान सांभाळायला. शेवटची काही वर्षं सर स्वतः पोरांना कीबोर्ड शिकवायचे. चिडून वगैरे नाही, मन लावून शिकवायचे.

एकदा, ते एनसीपीएहून परत येतानाच, टॅक्सीत मी विचारलं होतं. सर, तुम्ही तिन्ही केलंत, वाजवणं, कंडक्ट करणं, लिहिणं. आवडायचं कुठलं? मरीन ड्राइव्ह जाईपर्यंत बोलले नाहीत, मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाले, "कॉपी काढायला."

म्हणजे स्कोअर लिहून झाला की त्यातून प्रत्येक वादकाचा वेगळा कागद काढायचा असतो, त्याला फक्त त्याचं तेवढंच. कॉपीस्टला द्यायला पैसे नसायचे म्हणून सर स्वतःच करायचे, सगळे वीसच्या वीस. मला वाटलं गंमत करतायत. पण ते बोलत सुटले, एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "स्कोअरमध्ये सगळं एकदम दिसतं रे, गर्दीत सगळेच बरे दिसतात. कॉपी काढताना एकेकाच्या घरी जाऊन बसल्यासारखं असतं. दुसऱ्या चेलोला अख्ख्या पानात दोनच सूर दिलेत. तिसऱ्या व्हायोलिनांना एकतीस बार नुसतं बसवलंय, पोरं आहेत, कंटाळतील. तेव्हा कळतं. आधी सा पहिल्या व्हायोलिनांकडे होता. कॉपी काढताना वाटलं, एवढा वेळ बसणार आहेत पोरं, तर सा त्यांना द्यावा."

टॅक्सीवाल्याने तेवढ्यात विचारलं, सिग्नलवरून डावीकडे का सरळ. मी बोलायचं ते राहून गेलं.

तर ते दोन बॉक्स आणले मी परवा. ताईने चहा केला, घर अर्धं रिकामं, ओटा तसाच, कडाप्प्यावर शाईचे दोन-तीन डाग आहेत ते काकूंनी जन्मभर घासून गेले नाहीत. बॉक्स घरी आणून जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलवर उघडले. बायको म्हणाली, आधी फडका घाल खाली. वरती क्लासच्या फीची वही, कुणाकुणाची अरेंजमेंट, गाण्यांची नावं, पाच रेघांचे कागद महाग झाले तेव्हा जमाखर्चाच्या वहीवर फूटपट्टीने रेघा मारून केलेली पानं. खाली मारवा. पहिल्या पानावर नाव नाही, तारीख नाही, नुसतं 'मारवा, २०'. कोपऱ्यांवर चिमट्यांचे वळ अजून आहेत.

शाईने लिहिलेलं आणि त्यावर पेन्सिलीने सरांच्या स्वतःसाठी खुणा, तालमीतल्या, कुणाला कुठे आणायचं, कुठे दाबायचं. मला स्कोअर आता नीट वाचता येत नाही, बोट ठेवून ठेवून गेलो, बार मोजत. शंभर. एकशे पाच. एकशे दहाच्या वर पेन्सिलीने गोल केलाय आणि त्यातून एक बाण एकशे बारापर्यंत नेलाय. बाणावर बारीक अक्षरात लिहिलंय, 'बारक्या घाई करणार. डावा हात.' आणि डावा हात या शब्दांखाली दोन रेघा.

व्हायोला डाव्या हातात धरतात.